व्हिडिओ काढणारा : अनोळखी

गावाहून, ता. रेणापूर
१८ जानेवारी २०२५

संक्रांतीला येते म्हणालीस आन आली न्हाईस. तीळगूळ डब्यात दगड होऊन बसलाय. त्याच्या बदल्यात काय धाडलंस, तर पाकिटात तीन फोटो. एखाद्या चांगल्या पोराचे असते तर मी चष्मा पुसून बघितले असते. ह्यात दोन पाठमोरे पोलीस आन तोंड पुसलेला एक पोरगा. असलं टपालानं आजीला पाठवतात व्हय? पोस्टमननं इचारलं, काय आलंय नांदेडहून? म्हणलं, नातीनं औषधाचे कागद पाठवलेत.

मनू, अनेक आशीर्वाद. तब्येतीला जप.

फोन नको, पत्र लिही म्हणालीस ते बरं केलंस. स्पीकरवर टाकल्याबिगर मला ऐकू येत न्हाई, आन स्पीकरवर टाकला की तुझी आई सैपाकघरातून आन तुझा बाप ओट्यावरून, दोघंच बोलत राहतात. फोन माझा, निस्ता धरायला मी.

तू लिहितीस, 'हे दार कुठलं आहे, ओळखू येतं का? मी काही सांगणार नाही, तूच सांग.' परीक्षेच्या पेपरासारखं. मी साक्षरता वर्गाची दोन पुस्तकं शिकलेली बाई, तीबी तुझ्या बापानं मास्तर झाल्यावर हौसेनं शिकवली म्हणून. तरी उत्तर लिहिते. ओळखू येत न्हाई. आपल्या गल्लीतलं न्हाई. असलं लोखंडी गेट आपल्या गल्लीत कुणाच्या दाराला न्हाई. पोराच्या हातात काय हाय तेबी दिसत न्हाई.

लोकांच्या मोबाईलवरचे मारामारीचे व्हिडिओ बघत बसायचं आन कुठले, कधीचे ते हुडकायचं, ह्याला तिथं पगार देतात म्हणे. आम्ही गावात सांगतो, पोरगी कंप्युटरवर हाय. त्यापरीस बँकेची परीक्षा दे.

हिकडची खबर. हरभरा बरा हाय. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो. शेतातली मोटार जळाली ती वायंडिंगला रेणापूरला न्यावी लागली, कारण अजहर न्हाई. तो जेलात हाय, तुला कळलं असंल. येळवशीच्या अवसेला सगळं गाव शिवारात जेवायला गेलेलं, तवा शेजारच्या व्यंकटीच्या बंद घराचं कुलूप तोडून आत शिरला म्हणे. पोलिसांनी त्याला मारलं बिरलं काही न्हाई. पळताना भिंतीवरनं पडला, त्यात हात मोडला. तुझ्या बापानं डोळ्यांनी बघितलं, जबाब बी दिलाय. लहानपणापासून आपल्या घरात भाकरी खाल्लेलं पोरगं. माणसाचं काय सांगावं.

फोटो चुलीत घालणार हुते, पर कागद चकचकीत हाय, धूर करंल. पुन्हा पाठवू नको.

तुझी आजी
भामाबाई

*

नांदेड
२७ जानेवारी २०२५

प्रिय आजी,
साष्टांग नमस्कार. संक्रांतीचं चुकलं, मान्य. तीळगूळ ठेव, घणानं फोडून खाईन.

आता तुझ्या पेपराबद्दल. मी पत्रात अजहरचं नाव कुठंच लिहिलं नव्हतं. फोटोतल्या माणसाचा चेहरा मी मुद्दाम पुसला होता. तरी तू मला कळवलंस की अजहरला पोलिसांनी मारलं नाही. मी विचारलं होतं का?

आणि गेट. ते दिवाळीत बसवलं. पप्पांनी त्याच्यासमोर पेढ्याचा बॉक्स धरून फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला, 'नवीन गेट, आपल्या शुभेच्छा' असं लिहून. जगातला कुणीही माणूस तो बघू शकतो. मोराची नक्षी, डावीकडचा मोर उलटा बसलाय. मिस्त्रीशी तूच भांडली होतीस त्यावरून.

मी काय काम करते ते एकदा नीट सांगते. अजहरला मारतानाचा हा व्हिडिओ मोबाईलवर फिरत होता. कुणी काढला, कुठं काढला, काहीच लिहिलेलं नाही. पोलीस म्हणतात, हा इथला नाहीच, दुसऱ्या राज्यातला लॉकडाऊनमधला आहे, बघा ना, रस्ता ओस, दुकानं बंद. अजहरच्या वकील रुद्राणीताईंनी तो आमच्याकडे आणला. आमच्यात पद्धत अशी की दोघांनी वेगवेगळं बसायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, आणि ज्याला जे सापडेल ते लिहायचं. दुसरा आलोक, मुदखेडचा. त्याला आपलं गाव माहीतसुद्धा नव्हतं. त्यानं मागची पाण्याची टाकी आणि वळणावरचा देवळाचा कट्टा घेऊन उपग्रहाच्या फोटोंवर गावामागून गाव पालथं घातलं, फेसबुकवरच्या फोटोशी तो उलटा मोर जुळवला आणि आपल्या गल्लीत येऊन थांबला. मी पण तिथंच थांबले होते. सावल्यांच्या लांबीवरून वेळ कळते: हिवाळा, दुपार कलायला लागलेली.

फक्त दिवस राहिला. आलोकलाही आधी वाटलं, एवढी ओस गल्ली म्हणजे लॉकडाऊनच. त्यांच्याकडे येळवशीला गाव असं कुलूप लावून शिवारात जात नाही. दोघांचं लिहून झाल्यावर मी त्याला सांगितलं. गेट या दिवाळीतलं, म्हणजे येळवस हीच, परवाच्या डिसेंबरातली.

आणखी एक. तिसरा फोटो चष्मा लावून बघ. अजहर आपल्या दारात खाली पडलाय आणि मागं व्यंकटीकाकांच्या दाराला कुलूप लटकतंय. धड. अजहर तिथं गेलाच नव्हता.

पोलिसांना त्यानं सांगितलं होतं, 'भामाआजीनं आंबील आणायला पाठवलं.' ते कुणीच तुला विचारायला आलं नाही. म्हणून मी विचारते. त्याच्या हातात काय आहे? तू पाठवलं होतंस का? तू खरं सांगितलंस तर त्याला जामीन मिळेल. नाहीतर घरफोडीचा शिक्का बसला की तो कुणाच्या शेतात मोटार दुरुस्त करायला जाणार?

व्हिडिओ कुणी काढला ते आम्हाला माहीत नाही. आमच्या अहवालात 'व्हिडिओ काढणारा : अनोळखी' असं लिहिलंय. त्याची तू काळजी करू नकोस.

तुझी
मनू

*

गावाहून
६ फेब्रुवारी २०२५

मने, आशीर्वाद.

लई हुशार झालीस. एवढी हुशारी लहानपणी पाढ्यात दाखवली असतीस तर.

हाव. दार आपलं. मोर आपला. पोरगा अजहर. हातात बिंदगं, आंबिलीचं मडकं. पहिल्या पाकिटालाच कळलं हुतं. का लिहिलं न्हाई ते इचारू नको.

येळवशीचं सांगते. तुझी आई, मी आन अजहरची आई सबिहा ट्रॅक्टरमध्ये निघालो. मायलेक दर वर्षी आपल्याच शेतात जेवतात, तुला म्हाईत हाय. अजहर त्याची मोटारसायकल घिऊन मागनं. तुझा बाप लातूरहून त्याच्या खात्यातले दोन साहेब जेवायला घिऊन येणार हुता, म्हणून तो मागं राहिला. ओढ्याच्या उतारावर ट्रॅक्टरनं असा हिसका दिला की आंबिलीचं बिंदगं माझ्या मांडीत उपडं. लुगडं भिजलं. कडब्याच्या कोपीतल्या पाच पांडवांपुढं नैवेद्याला काय ठेवायचं? भज्जी हाय, उंडे हायत, खीर हाय, आन आंबीलच न्हाई! येळवशीला आंबील न्हाई म्हणजे नवरीबिगर वरात. दुसरं बिंदगं घरी चुलीपाशी झाकून ठेवलेलं. कनवटीची किल्ली काढून अजहरच्या हातात दिली. म्हणलं, जा रे, वाऱ्यासारखा जा. तो हसून म्हणाला, 'आजी, सांडली तर मला फक्त भाकरी द्या.' हे त्याचं मी ऐकलेलं शेवटचं.

तो आला न्हाई. तुझा बाप आला साहेबांना घिऊन, उशिरा. मला बाजूला घिऊन म्हणाला, 'अजहर व्यंकटीच्या घरात शिरताना सापडला. आता साहेबांम्होरं गोंधळ घालू नको.' किल्ली माझ्या हातात ठिवली, म्हणाला, वाटंत पडली हुती. सबिहा तिथंच कोपीपाशी भाकरी वाढून राहिली हुती. ताटली टाकून तशीच अनवाणी गावाकडं पळाली. तिच्यामागं कुणी गेलं न्हाई. साहेबांना खीर वाढायची हुती.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली. 'मावशी, तुमीच पाठवलं हुतं की. तेवढं चौकीत येऊन सांगा.' मी काय म्हणाले ते लिहिते, तुझ्या कागदात घालायचं असंल तर घाल. म्हणाले, 'मी माझ्या घरी पाठवलं हुतं. दुसऱ्याच्या घरात शिरायला तू शिकवलंस.' तिनं पदर डोक्यावरनं म्होरं ओढला आन गेली.

अजून एक हाय. त्या दिवशी सांजच्याला शेतातनं परत आले तर आपला उंबरा धुतलेला. येळवशीच्या दिवशी घरात कुणी बाईमाणूस न्हाई, उंबरा धुतला कुणी? पाणी फरशीच्या भेगात अजून ओलं हुतं. चुलीपाशी बिंदगं न्हाई. मी बघितलं. इचारलं न्हाई. पाय दुखतात म्हणून आत जाऊन पडले.

जबाब देते. तुझ्या वकीलबाईला पाठव, पर तुझा बाप शाळेत असंल तवा.

एक काम कर. त्या तिसऱ्या फोटोत खाली जमिनीवर एक सावली पडलीय, व्हिडिओ काढणाऱ्याची. ती कापून टाक. तिचं काय काम हाय? आन त्या व्हिडिओत आवाज हाय का? असला तर कुणाचा?

भामाबाई

*

नांदेड
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,
नमस्कार. तुझं पत्र ऑफिसच्या गच्चीवर जाऊन वाचलं. तू लिहिलंस, एवढं पुरे आहे.

रुद्राणीताई मंगळवारी दुपारी येतील. तू किल्ली दिलीस आणि आंबील आणायला पाठवलंस, फक्त एवढंच सांग. बाकीचं कुणी विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

सावली कापता येत नाही. चित्राला आम्ही हात लावला की कोर्ट ते मानत नाही. शिवाय वेळ त्याच सावलीवरून काढलीय.

आवाज आहे, पण अस्पष्ट. गोंगाट फार. कुणाचा ते कळत नाही.

जामीन झाला की कळवते.

मनू

*

गावाहून
१७ मार्च २०२५

खोटारडी कुठली. 'गोंगाट फार' म्हणे. येळवशीला आपल्या गल्लीत कुत्रं नव्हतं, गोंगाट कुणी केला? व्यंकटीच्या कुलपानं?

आशीर्वाद मागनं देते, आधी ऐक.

वकीलबाई आली, जबाब घेतला. बाई चांगली हाय, पाणी स्वतः उठून घेतलं. जामीन झाला, अजहर घरी आला. मी म्हणलं, संपलं. होळी झाली, पोळ्या केल्या. आठ घरं सोडून सबिहाचं घर, तेवढं चालायला मला दोन आठवडे लागले. पाय बरे हायत माझे.

काल गेले. रमजान चालू हाय. दारात उभी राहिले, आत येऊ का म्हणायची पंचाईत. सबिहा म्हणाली, 'या की मावशी, चप्पल कशाला काढताव, फरशी गार हाय.' अजहर खाटेवर. उजवा हात बघितला मी. मनगट आडवं जुळलंय, बोटं मिटत न्हाईत. तारेचा एक गुंडाळा मांडीवर घिऊन डाव्या हातानं वळवून बघत हुता. मला बघून गुंडाळा उशीखाली सारला, जसं काही चोरीच करून राहिला हुता.

म्हणलं, 'अजहर, व्हिडिओ कुणी काढला?'

'आजी, गर्दीत दिसलं न्हाई.'

'गर्दी? कुणाची गर्दी, माझ्या बैलांची?'

सबिहा म्हणाली, 'राहू द्या ना मावशी. वकीलबाईला बी आम्ही तेच सांगितलं, ठाव न्हाई म्हणून. आम्हाला हितंच राहायचंय. आन तुमाला बी हितंच राहायचंय.'

तू लपवलंस, तो लपवतोय, त्याची आई लपवती. सगळ्यांनी मिळून मला शिंक्यात ठिवलंय, दुधासारखं.

म्हणलं, दाखव. तो न्हाई म्हणाला. म्हणलं, दाखवत न्हाईस तवर मी हितनं उठत न्हाई, आन उद्यापास्नं हितंच जेवीन, मला रोजा बी चालंल. मग त्यानं मोबाईल काढला. डाव्या अंगठ्यानं दाबला.

त्यातला आवाज एवढा साफ हाय मने. हजेरी घेतल्यासारखा. 'अजहर, नीट उभा राहा. किल्ली कुठून चोरली, सांग साहेबांना.' मागं गाडीत बसलेलं कुणी हसतंय. मग बिंदगं फुटल्याचा आवाज. मग मारल्याचा. मग अजहर म्हणतो, 'सर, आजीला फोन लावा ना. सर, एकदा आजीला फोन लावा.' आन तो हजेरीचा आवाज म्हणतो, 'तोंड इकडं कर. व्हिडिओत येऊ दे.'

नावानं हाक मारून म्हणतो. पहिलीपास्नं चौथीपर्यंत शिकवलेल्या पोराला.

सावलीवरनं तर मला पहिल्या दिवशीच कळलं हुतं. लहानपणी आंब्यावरनं पडला तवापास्नं तुझ्या बापाचं डावं कोपर सरळ होत न्हाई. मोबाईल धरला की हात असा खुट्टीसारखा बाहेर येतो. ते कोपर मी तीन महिने एरंडाच्या पानानं शेकलंय. म्हणून कापून टाक म्हणलं. सावली ओळखणं आन आवाज ऐकणं ह्यात फरक असतो. सावली बघितली तवा मी म्हणलं, असंल उभा, धाकानं असंल. आवाजात धाक न्हाई. मजा हाय.

सबिहानं चहा आणून ठिवला. स्वतःचा रोजा, पोटात पाण्याचा थेंब न्हाई, आन माझ्याम्होरं आलं घातलेला चहा. म्हणाली, 'मावशी, थंड होतंय.' काय करावं? नको म्हणलं तर तिचा बी अपमान. प्याले. ती बघत हुती आन मी पीत हुते. असला चहा वैऱ्याला बी मिळू नये.

अजून ऐक. जामीन झाला म्हणजे सुटला असं न्हाई, वकीलबाईनंच सांगितलं. तुझ्या बापाचा जबाब अजून उभा हाय, की त्यानं अजहरला व्यंकटीच्या भिंतीवरनं उडी मारताना बघितलं. आन माझ्या जबाबाला त्यानं चौकीत जाऊन काय म्हणलं ठाव हाय का? 'आईला आता काही आठवत नाही. तिचं डोकं चालत नाही.' माझं डोकं! त्याच्या शाळेच्या सगळ्या मास्तरांच्या बायकांची बाळंतपणं मला तिथीनिशी पाठ हायत.

तर आता मास्तर एक सांगतो आन डोकं न चालणारी म्हातारी एक सांगती. कोर्ट कुणाचं ऐकंल? आन तुझ्या कागदात काय, तर अनोळखी.

तुला म्हाईत हुतं का न्हाई, एवढंच लिही. लांबण लावू नको.

*

नांदेड
२२ मार्च २०२५

आजी,

हो. पहिल्या सेकंदाला.

'अजहर, नीट' एवढं ऐकलं आणि मी आवाज बंद केला. त्यानंतरचं सगळं काम मी आवाज बंद ठेवून केलं. टाकी मोजली, सावली मोजली, कुलूप शोधलं. आलोकनं आवाज ऐकला होता, पण त्याला तो कुणाचा कसा कळणार? त्यानं विचारलं, तुझ्या गावचा आहे ना, ओळखतेस का? मी म्हणाले, नाही. तुलाही म्हणून नुसते फोटो पाठवले. फोटो बोलत नाहीत. दार तुझ्याकडून कळेल, अजहर सुटेल, आणि पप्पांचं नाव कुठं येणारच नाही, असा माझा हिशोब होता.

आमच्यात नियम आहे: प्रकरणात आपलं माणूस निघालं की त्याच दिवशी सांगायचं आणि बाजूला व्हायचं. मी दोन महिन्यांवर सांगितलं नाही. दुसऱ्यांचे बाप, दुसऱ्यांचे भाऊ मी व्हिडिओतून शोधून काढते आणि नावानिशी लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आलोकला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्यापुढची फाइल उचलून स्वतःच्या टेबलावर नेली. संध्याकाळी मुदखेडची गाडी पकडायच्या आधी एक कोरा कागद माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, आवाज आणि सावली कुणाची हे तू ओळखतेस, तर तसं लिहून सही कर. ते आलं की सरांचा जबाब पडतो, कारण त्यांनीच काढलेल्या व्हिडिओत कुलूप धड आहे. केस तिथंच संपते.

कागद दोन दिवस तसाच आहे. पप्पांची नोकरी जाईल. त्यांच्यावर गुन्हा दाखल होईल. आई मला काय म्हणेल? आजी, तू सांग, लिहू का? तू म्हणशील तसं करते.

मनू

*

गावाहून
२८ मार्च २०२५

मी म्हणीन तसं? म्हणजे उद्या तुझ्या आईनं इचारलं की म्हणणार, आजीनं सांगितलं. न्हाई. माझ्या अंगावर ढकलू नको. मी काहीबी सांगणार न्हाई, घडलं तेवढं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तो जेवायला बसला हुता. तुझी आई भाकरी थापून राहिली हुती. मी म्हणलं, 'मल्लिनाथ, व्हिडिओ तू काढलास.'

त्यानं घास ठिवला न्हाई. म्हणाला, 'मी हात लावला का त्याला? मारलं पोलिसांनी. मी नुसता व्हिडिओ काढला.'

'आन उंबरा बी नुसता धुतलास.'

मग म्हणतो, 'आई, तुला कळत न्हाई. साहेब गाडीत होते. ओस गावात गस्तीवर आलेल्या पोलिसांनी त्याला आपल्या दारात धरलेला. साहेब मला म्हणाले, काय सर, घराच्या किल्ल्या असल्यांच्या हातात देता का तुम्ही? हसले दोघं. आता मी काय सांगायचं होतं त्यांना?'

'आईनं दिली. एवढंच.'

'तू म्हणतेस तेवढं सोपं न्हाई ते.'

'दोन शब्द हायत, मल्लिनाथ. मला पहिल्याच धड्यात शिकवले हुतेस, त्याहून सोपे.'

तुझी आई तवा म्हणाली, भाकरीवरनं हात न काढता म्हणाली, 'अहो, मग किल्ली चोरली असं तुम्हीच का म्हणालात? पोलीस तर नुसतं विचारत होते.' तिला बी म्हाईत हुतं बघ. तिनं ग्रुपवर बघितला हुता, त्यानं पुसून टाकायच्या आधी. त्यानंच टाकला हुता, 'येळवशीला चोर पकडला' म्हणून, हसण्याच्या चित्रासकट. ह्या घरात संक्रांतीपास्नं चौघांना ठाव हुतं, तुला धरून, आन प्रत्येकाला वाटत हुतं की आपल्यालाच.

तो उठला. म्हणाला, 'मनूला हे कळलं तर?' मी तुझं पत्र ताटाशेजारी ठिवलं. वाचलं त्यानं. दोनदा वाचलं. मास्तर हाय, कुठं चूक सापडती का बघत असंल. मग हात न धुताच ओट्यावर जाऊन बसला. तीन दिवस झाले, शाळेत जातो, येतो, माझ्याशी बोलत न्हाई. माझं बी काही अडलं न्हाई.

लाज वाटती का म्हणून तुला वाटंल. वाटती. मोठ्या गोष्टीची न्हाई, बारक्याच गोष्टीची वाटती. अजहर पडलेला, रक्त निघालेलं, आन पोरगा म्हणतो आजीला फोन लावा. त्याला शेवटपर्यंत वाटत हुतं की माझ्यापर्यंत खबर गेली की सुटलो. आन खबर आली तवा मी साहेबांना म्हणलं, अजून एक वाटी खीर घ्या. ह्याला काय औषध हाय? मला तर सापडलं न्हाई. तुझ्या उपग्रहाला सापडतं का बघ.

नोकरीचं म्हणतीस. जाईल. शेत हाय, खाईल. अजहरचा तर हातच गेलाय, त्याची नोकरी तोच हुता. तुला बापाची दया येती, येऊ दे, बाप हाय. मला बी येती, मी पोटात वागवलाय. पर दया केली म्हणून सावली सरळ होत न्हाई.

तुझ्या कोऱ्या कागदाचं तुझं तू बघ. पर सही करायची असंल तर बाप म्हणून लिही. निस्तं 'मल्लिनाथ सर' लिहून मोकळी हू नको. आपला म्हणून लिही आन मग लिही काय केलं ते. आन तू लपवलंस तेबी खाली लिही, न्हाईतर अर्धंच होईल. मी माझं वकीलबाईला सांगून आले, की उंबरा धुतलेला बघितला हुता आन गप बसले. ती म्हणाली, आजी, ह्याची कोर्टाला गरज न्हाई. म्हणलं, कोर्टाला नसंल.

सोमवारी ईद हाय बहुतेक, चंद्रावर हाय. रविवारी आपला पाडवा. गुढी उभारायची तर उभारतील, मी काही काठीला हात लावणार न्हाई. ईदला मी सबिहाकडं जाणार. बोलावलं न्हाई तिनं. शिरखुर्मा दिला तर खाईन, दारातनं परत पाठवलं तर परत येईन, दोन्हीचा हक्क तिचा.

हे पत्र चिकटवायच्या आधी मी ओट्यावर बसून तुझ्या बापाला मोठ्यानं वाचून दाखवलं. अडखळत वाचलं, त्यानं एक बी अक्षर सुधारलं न्हाई.

आता ह्याला तू उत्तर लिहू नको. तुझ्या आईनं बी लिहायचं न्हाई, आन 'त्यांना फार पश्चात्ताप झालाय' असला निरोप घिऊन कुणी सबिहाच्या दारात जायचं न्हाई. उत्तर मल्लिनाथनं द्यायचं. मला न्हाई, तुला न्हाई. अजहरला. लिहून न्हाई, लिहायला तो लई पटाईत हाय. त्याच्या खाटेपुढं उभं राहून, तोंडानं, त्याच आवाजात.

भामाबाई